वाई ते पाचगणी: १३ किलोमीटरचा घाट, नवखी चालक आणि सोबत ७८ वर्षांची आई

गंगापुरीची भाची (धागाकर्ती)

येत्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, आईला घेऊन वाईहून पाचगणीला आणि जमल्यास तिथून पुढे भिलारला एका दिवसात जाऊन यायचे आहे. वाई ते पाचगणी हे अंतर जेमतेम १३ किलोमीटर आहे आणि तेवढ्यासाठी धागा काढते आहे याचे मलाच हसू येते. पण मधे पसरणीचा घाट आहे आणि गाडी मी चालवणार आहे, म्हणून आधी विचारून घेतलेले बरे.

मी ५२ व्या वर्षी गाडी शिकले. परवाना हातात येऊन आठ महिने झाले. पुण्यात रोज कामाला गाडीनेच जाते, पण तो सगळा प्रवास पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला आणि सिग्नलला उभे राहण्याचा आहे. गाडी नऊ वर्षांची, लहान, पेट्रोलवरची आणि हाताने गिअर टाकायची आहे. दिवाळीत तीच घेऊन मी वाईला मामाकडे आले होते. त्या वेळी खंबाटकी चढले, गाडी कुठे बंद पडली नाही, त्यामुळे घाट मला अगदीच अनोळखी आहे असेही नाही.

आईचे शाळेचे शिक्षण वाईतच झाले. पाचगणीला ती शाळेच्या सहलीतून गेली होती, त्यानंतर नाही. भिलारच्या पुस्तकांच्या गावाविषयीचे वर्तमानपत्रातले कात्रण तिने जपून ठेवले आहे; दर पाडव्याला ते जुन्या पंचांगातून नव्या पंचांगात जाते. तिला गाडी लागते आणि पायऱ्या चढवत नाहीत. तेव्हा किती वाजता निघावे, घाटात नेमके काय सांभाळावे आणि एका दिवसात किती ठिकाणे धरावीत, एवढे सांगावे. मामा म्हणतो, "तेरा किलोमीटरला कसला बेत करायचा, चहा घ्या आणि निघा." पण मामा जन्मभर स्कूटरवर फिरला आहे.

कृष्णामाईकाठ

ताई, विचारलेत हे चांगले केलेत. आधी एक गैरसमज दूर करतो. खंबाटकी चढलात म्हणजे पसरणीच्या घाटाची तयारी झाली असे धरू नका. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट एकेरी आहे आणि पुण्याकडे जाणारी वाहने बोगद्यातून जातात, त्यामुळे त्या दिवशी तुमच्या समोरून कोणी आलेच नसणार. पसरणीच्या घाटात चढणारे आणि उतरणारे एकाच रस्त्यावर असतात. वळणापलीकडून काय येते आहे ते दिसत नसताना आपली बाजू न सोडता गाडी वळवणे, ही सवय खंबाटकीत लागत नाही.

आता चढाचे गणित पाहा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. पसरणी गावापर्यंतचा रस्ता साधा धरला, तर उरलेल्या साधारण दहा किलोमीटरांत ६०० मीटर चढायचे आहे, म्हणजे सरासरी दर शंभर मीटरला सहा मीटर. हा चढ भयंकर मुळीच नाही. भरलेली एसटी तो रोज चढते. मात्र तो सलग आहे, आणि शहरातला उड्डाणपूल चढून लगेच उतरण्याची सवय असलेल्या पायाला हे सलग चढणे नवे वाटते.

निघण्याची वेळ म्हणाल तर सकाळी साडेसात. जानेवारीत सातच्या पुढेच उजाडते, नदीकाठी दव असते, आणि तुम्ही पसरणी गाठेपर्यंत स्वच्छ दिसू लागते. शनिवार-रविवार टाळा, आणि लागून सुट्टी आलेला सोमवार तर नकोच. पुण्या-मुंबईची गर्दी दहाच्या पुढे घाटाला लागते आणि मग चढणाऱ्यांची रांग कुठेही थांबते. परत येताना पाचच्या आत घाटाला लागा. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळत असला, तरी डोंगराच्या सावलीत अंधार त्याआधीच उतरतो.

जाता जाता आईंना सांगा की हे पसरणी म्हणजे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. बहुधा त्यांना ते माहीत असेलच.

डबल बेल

मी एसटीत ३१ वर्षे चालक होतो. पसरणी, आंबेनळी आणि कुंभार्ली हे तिन्ही घाट उन्हाळ्या-पावसाळ्यात केलेले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सगळे जण तुम्हाला चढण्याविषयी सांगतील. चढताना चुकलात तर गाडी बंद पडते. उतरताना चुकलात तर ती बंद पडत नाही, आणि खरी अडचण ती आहे. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचा. तुमच्या लहान गाडीसाठी याचा अर्थ बहुतेक रस्ता दुसरा गिअर, कुठे जरा सरळ आणि सौम्य उतार मिळाला तर तिसरा. दुसऱ्या गिअरमध्ये प्रवेगकावरून (ॲक्सिलरेटरवरून) पाय काढला की इंजिनच गाडीला मागे धरते. आवाज वाढतो, त्याला भिऊ नका. तो आवाज म्हणजे इंजिन ब्रेकचे काम करते आहे. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणा. वेग वाढल्यावर घाईघाईने गिअर पाडायला गेलात तर एक क्षण गाडी मोकळी सुटते.

पाय सतत ब्रेकवर टेकवून उतरणारे लोक मी रोज पाहिले आहेत. असे केल्याने डिस्क आणि ड्रम तापतात, लायनरचा जळका वास येतो, आणि त्याकडेही दुर्लक्ष केले तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते. तेल दाबले जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जाते. तेव्हा ब्रेक मारायचा तो थोडा वेळ आणि ठाम मारायचा, वेग हवा तेवढा कमी झाला की पाय पूर्ण उचलायचा. वास आलाच तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यायची, पहिल्या गिअरमध्ये उभी करायची आणि वीस मिनिटे गप्पा मारायच्या. चाकांवर पाणी ओतायचे नाही. तापलेली डिस्क त्याने वाकडी होते.

न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर असताना पाय काढून उतरलात तर इंजिनाचा पेट्रोलपुरवठा बंद होतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालते ठेवायला पेट्रोल लागतच राहते. म्हणजे वाचत तर नाहीच, वर धरही जातो. इंजिन बंद करून उतरण्याचे तर नावच नको, कारण दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर तो दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंगही जड होते.

आता एसटीविषयी. बसचे मागचे चाक वळणात आतून कापत येते, म्हणून चालकाला बसचे तोंड आधी बाहेर काढावे लागते. वळणावर समोरून येणारी बस क्षणभर तुमच्याच अंगावर येते आहे असे वाटते, ते यामुळे. अशा वेळी वळणात शिरून मधे अडकू नका. बस दिसली की दहा-पंधरा मीटर अलीकडेच थांबा, ती निघून जाऊ द्या आणि मग वळा. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, असा नियमच आहे. म्हणजे जाताना हक्क तुमचा आणि येताना समोरच्याचा. हॉर्न वळणाच्या आधी वाजवा. वळणात शिरल्यावर वाजवलेल्या हॉर्नचा उपयोग नसतो. मागचा माणूस हॉर्न वाजवतो आहे म्हणून वेग वाढवू नका. रुंद जागा आली की डावीकडे घ्या आणि त्याला जाऊ द्या. त्याने त्याच्या दोन मिनिटांत काय ते कमवावे.

शेवटचे म्हणजे चढावर थांबून पुन्हा निघणे. हे पुण्यातच एखाद्या रिकाम्या चढावर वीस वेळा करून या. हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळूहळू सोडत न्यायचा, गाडीचे नाक किंचित वर उचलल्यासारखे वाटले की प्रवेगक द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. घाटात रांग थांबली की मागची गाडी हातभर अंतरावर उभी असते, तिथे हा सराव उपयोगी पडतो. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी तोलून धरू नका. त्यात क्लच प्लेट जळते.

चौफेर

एवढे घाबरण्यासारखे काही नाही. सकाळी लवकर ढोल्या गणपती, तिथून मेणवली आणि धोम करून घाट चढावा, पाचगणीत टेबललँड आणि पारसी पॉइंट, मग भिलार, दुपारी महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि वेळ उरल्यास प्रतापगड. आम्ही सहा जणांनी हे सगळे एका दिवसात केले आहे.

कृष्णामाईकाठ

चौफेर यांची यादी उत्तम आहे. फक्त ती तीन दिवसांची आहे. त्या सहा जणांत आलटून पालटून गाडी चालवणारे किती होते आणि ७८ वर्षांचे किती होते, हेही त्यांनी सांगावे.

ताई, वाईतली ठिकाणे घाटाच्या दिवसात मिसळू नका. ढोल्या गणपती आदल्या संध्याकाळी करा, मामांच्या घरून चालतही जाता येईल. देवळाच्या मागच्या बाजूला जरूर जा. तिथली भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधली आहे, ती कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावे म्हणून. समोरून मूर्ती पाहून परतणाऱ्यांना ही करामत दिसतच नाही. मेणवली वाईपासून तीन-चार किलोमीटरवर आहे, रस्ता सपाट आहे, तेव्हा घाटाच्या दुसऱ्या दिवशी आरामात जा. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट तर आहेच, पण घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली घंटा जवळून पाहा. ती १७०७ सालची पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर ती इकडे आली.

चौफेर

गाडी चालवणारे दोघे होते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रतापगड आम्ही खालच्या वाहनतळावरूनच पाहिला. यादी मागे घेतो.

आलेपाक

माझ्या सासूबाईंना पसरणीच्या घाटात हमखास उलटी होत असे, त्यामुळे अनुभवाने लिहिते. आईंना पुढे तुमच्या शेजारी बसवा. मागच्या सीटवर गाडी जास्त लागते. उपाशी पोटी नेऊ नका आणि भरपेटही नको. थोडा मऊ भात किंवा सुकी पोळी पुरते, आणि चहा वर पोचल्यावर. एसी बंद ठेवून खिडकी चार बोटे उघडी ठेवा; तेवढाच लहान गाडीच्या इंजिनावरचा भारही चढाला हलका होतो. नजर दरीत किंवा हातातल्या मोबाईलवर नको, समोरच्या रस्त्यावर लांब असू द्या. आवळा सुपारी किंवा आलेपाक तोंडात असला की बरे वाटते. गोळी द्यायची असेल तर ती आईंच्या डॉक्टरांना विचारूनच द्या, कारण या वयात रक्तदाबाच्या आणि इतर गोळ्या चालू असतात आणि काही गोळ्यांनी फार गुंगी येते.

आणखी एक. गाडी लागणे निम्मे चालवणाऱ्याच्या हातात असते. वळणात ब्रेक मारणारा चालक असेल तर आलेपाकाचा डबा संपला तरी उपयोग होत नाही. वेग वळणाआधी कमी करावा, वळण एका लयीत घ्यावे आणि बाहेर पडताना हलकेच वाढवावा.

टेबललँडच्या पायथ्याशी

पाचगणीत राहतो, म्हणून वर पोचल्यावरचे सांगतो. घाट संपता संपता दांडेघर लागते. पाचगणी ज्या पाच गावांच्या मधे वसली त्यांतले हे एक. बाकीची गोडवली, आमराळ, खिंगर आणि तायघाट. दांडेघरला नाक्यावर कराची पावती फाडावी लागते, तेव्हा सुटे पैसे आईंच्या हाताशी ठेवा, म्हणजे नाक्यावर पर्स शोधत रांग अडवावी लागणार नाही.

दिवस निवडताना सुट्ट्यांइतकेच इथल्या निवासी शाळांचे वेळापत्रक महत्त्वाचे असते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी वसतिगृहे उघडतात किंवा सुट्टीसाठी मुले घरी जातात, त्या दिवशी शेकडो पालकांच्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात आणि मग मंगळवार असला तरी रविवारसारखी कोंडी होते. निघण्याच्या आदल्या दिवशी इथल्या एखाद्या दुकानदाराला फोन करून विचारले तरी कळते.

टेबललँडवर गाडी जात नाही. खाली वाहनतळावर लावून चढावे लागते आणि वर पसरलेल्या पठारावर घोडागाडी मिळते. आईंना चढणे होत नसेल तर तो हट्ट नको. त्याऐवजी महाबळेश्वर रस्त्यावरच्या पारसी पॉइंटला थांबा. गाडीतून उतरून फार चालावे लागत नाही आणि कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे पाणी आणि पलीकडचा कमळगड एका नजरेत येतात.

धुक्याची भीती जानेवारीत फारशी नाही, तरी पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याहून पुष्कळ कमी आणि वाईला आणखी कमी. त्यामुळे वाईत ऊन असते आणि अर्ध्या घाटात ढगात शिरावे लागते. तशा वेळी दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून चालवू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात की वळणार आहात हेच समजत नाही.

हाफ तिकीट

मी वेगळेच सुचवतो. आईंचे वय ७८ म्हणजे एसटीत त्यांना तिकीटच नाही. ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तुम्हाला महिला म्हणून मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. वाई आगारातून पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्या मिळतात. डबल बेल यांच्यासारखा चालक पुढे बसलेला असताना स्वतः चाक हातात घेण्याचा अट्टहास कशासाठी?

गंगापुरीची भाची

सर्वांचे आभार. हाफ तिकीट यांचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. आईला एसटीने नेता येईल हे खरे आहे. अडचण अशी की पाचगणीहून भिलारला आणि परत येण्यासाठी मग फाट्यावर वाहनाची वाट पाहावी लागेल आणि तिला उन्हात उभे ठेवणे मला नको आहे. दुसरे कारण खरे सांगायचे तर माझे स्वतःचे आहे. बाबा गेल्यावर आमच्या घरची गाडी चार वर्षे आच्छादनाखाली उभी होती. मी ती शिकले ती आईला कुठे न्यायचे तर कोणाला विचारावे लागू नये म्हणून.

डबल बेल काका, हँडब्रेकचा सराव सुरू केला आहे. आमच्या सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या चढावर रोज रात्री दहा वेळा करते. पहारेकऱ्याला वाटते की माझी गाडी बिघडली आहे.

डबल बेल

बिघडली आहे असे वाटू द्या. वीस वेळा करा.

पानोपानी

भिलारविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे सांगते. पाचगणीहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागून पुढे भिलारचा फाटा आहे. पाचगणीपासून सात-आठ किलोमीटर धरा. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव म्हणून खुले झाले. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली असली तरी एक मोठा फरक आहे. तिथे पुस्तकांची दुकाने आहेत, आणि इथे घरांच्या ओसरीवर, खोल्यांत आणि देवळात ठेवलेली पुस्तके बसून फुकट वाचायची असतात. एका घरी कविता, दुसरीकडे चरित्रे, आणखी कुठे संतसाहित्य किंवा बालसाहित्य अशी वाटणी आहे.

म्हणूनच माझा सल्ला असा की दहा घरे पाहू नका. आईंना आधी विचारा की वाचायचे काय आहे, तेवढे एकच घर शोधा आणि तिथे दोन तास बसा. घरातल्या माणसांचा दिवसही चालू असतो, तेव्हा जेवणाच्या वेळी दारात उभे राहणे टाळावे. जानेवारी हा स्ट्रॉबेरीचा हंगाम आहे. फळे परतीला सर्वांत शेवटी घ्या आणि डिकीत न ठेवता आईंच्या पायाशी ठेवा, नाहीतर घाट उतरेपर्यंत खालच्या थरांचा जॅम होतो.

आई वाईत शिकल्या आहेत म्हणून एक आठवण. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे वाईतच झाले. विश्वकोशाच्या गावाहून पुस्तकांच्या गावाला जायला मधे एवढाच काय तो घाट आहे.

सवडीने

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. दुसरा गिअर वगैरे मला कसे जमणार?

डबल बेल

दांड्याजवळ एल, २ किंवा अधिक-उणे अशी खूण असेल. उतारावर दांडा डी वरून तिथे घ्या, म्हणजे गाडी खालच्या गिअरला धरून राहते. तुमच्या गाडीत नेमकी कोणती खूण आहे ते पुस्तिकेत पाहा, आणि घाटात पोचण्याआधी पाहा.

गंगापुरीची भाची

जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण इतक्या जणांनी वेळ काढून लिहिले होते.

मंगळवारी सकाळी सातला चाकांतली हवा तपासून घेतली, काच आतूनही पुसली आणि सात चाळीसला निघालो. पसरणी गाव मागे पडल्यावर पहिला खरा चढ लागला तेव्हा मी सवयीने तिसरा गिअर धरून बसले होते. गाडी कुरकुरली, दुसऱ्यात घेतली आणि ती शांतपणे चढू लागली. पुढे तिसरा गिअर मोजून चार-पाच वेळाच टाकला असेल.

एक प्रसंग घडला. वरच्या अंगाला एका वळणापाशी उतरणारी बस दिसली म्हणून पुढचा टेम्पो थांबला, मी थांबले, आणि माझ्या मागे एक मोठी गाडी अगदी चिकटून उभी राहिली. आरशात तिच्या चालकाचा चश्माही दिसत होता. निघताना पहिल्या प्रयत्नात क्लच लवकर सुटला, इंजिन बंद पडले आणि गाडी वीतभर मागे गेली. मागून लांब हॉर्न आला. मी हँडब्रेक ओढला, गाडी पुन्हा चालू केली आणि तळघरातल्या चढावर करत होते तसेच केले. नाक वर उचलल्यासारखे झाले, प्रवेगक दिला, हँडब्रेक सोडला आणि गाडी एक इंचही मागे न जाता निघाली. या सगळ्यात आई समोर लांब बघत आलेपाक चघळत होती. नंतर म्हणाली, "मला वाटलं तू मुद्दाम थांबलीस."

दांडेघरला पावती घेतली तेव्हा घड्याळात साडेआठ वाजले होते. १३ किलोमीटरला पन्नास मिनिटे लागली. मामाला हे सांगितलेले नाही. आईला उलटी झाली नाही. टेबललँड सोडून दिले, पारसी पॉइंटला अर्धा तास थांबलो. कमळगड कोणता ते आईनेच मला दाखवले; मी भलत्याच डोंगराकडे बोट करत होते.

भिलारला पानोपानी यांचे ऐकले. आईने चरित्रे सांगितली, तेवढेच एक घर विचारत गेलो. तिने पिशवीतून कात्रण काढून त्या घरच्या बाईंना दाखवले, त्यांनी ते वाचले आणि एक खुर्ची उन्हात आणून ठेवली. आई तिथे पावणेतीन तास बसली. मी मधे गाडीत जाऊन झोपले, आणि परतीसाठी ती विश्रांती फार उपयोगी पडली. आपण दमलेलो असतो हे आपल्याला कळत नाही. पुस्तक निम्मेही झाले नव्हते. तिने पान क्रमांक कात्रणाच्या मागे लिहून घेतला.

चारला उतरायला सुरुवात केली. उताराआधीच दुसरा गिअर टाकला. इंजिनचा आवाज एवढा वाढला की आईने दोनदा विचारले, "गाडी अशी ओरडते का आहे?" मी तिला सांगितले की ती ओरडते आहे म्हणून आपण सावकाश जातो आहोत. तरीही पहिल्या दोन-तीन वळणांत माझा पाय आपोआप ब्रेकवर जाऊन बसत होता. मग मी तो मुद्दाम उचलून बाजूला ठेवू लागले आणि गाडी खरोखरच तेवढ्याच वेगाने चालत राहिली. अर्ध्या घाटात जळका वास आला. काळजात धस्स झाले. रुंद जागा पाहून बाजूला घेतले, उतरून चारही चाकांजवळ नाक नेले, तर वास आमचा नव्हता. आमच्या पुढे उतरणाऱ्या भरलेल्या टेम्पोचा होता, आणि तोही पुढच्या वळणावर उभा राहिलेला दिसला. थांबलोच होतो म्हणून मागची सात-आठ वाहनांची रांग जाऊ दिली. त्यांतल्या एकाने जाताना हात केला.

पाच वाजायच्या आत पसरणी गावात आलो. स्ट्रॉबेरी आईच्या पायाशी होत्या, खालच्या थरातली चारच फळे चेपली.

डबल बेल

चढावर गाडी बंद पडल्यावर घाबरून प्रवेगक दाबला नाहीत, हँडब्रेक ओढलात, हे बरोबर केलेत. टेम्पोवाल्यानेही थांबून शहाणपणाच केला. पुढच्या वेळी ब्रेक ऑइल किती जुने आहे ते गॅरेजमध्ये दाखवून घ्या. नऊ वर्षांच्या गाडीत ते बहुधा एकदाच बदललेले असते.

हाफ तिकीट

आईंचे पुस्तक अर्धे राहिले आहे, म्हणजे पुन्हा जाणे आले. एसटीचा माझा मुद्दा अजून उभा आहे.

गंगापुरीची भाची

तुमचा मुद्दा काल आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला जाताना एसटीनेच जाऊ. मला दरी दिसली, तुला कुठे दिसली?"